'कमेन्स', 'कमेन्समेंट' आणि मोजणी सुरू होण्याचा दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेमणूकपत्रात 'युअर एम्प्लॉयमेंट विल कमेन्स ऑन १ जुलै' असं लिहिलंय. सरळ 'बिगिन' का लिहिलं नाही, 'कमेन्स'ला काही वेगळा अर्थ आहे का? घरात फ्रेंच शिकणारी मुलगी सांगते की हा शब्द फ्रेंचमधून आलाय आणि तिकडे तो अगदी साधा, रोजचा आहे. आणि अमेरिकेतल्या भाचीच्या 'कमेन्समेंट'ची पत्रिका आली आहे. शिक्षण संपताना आरंभ कसला?

वरवर हे तीन प्रश्न आहेत, पण गाठ एकच आहे. शब्दकोशात 'बिगिन', 'स्टार्ट' आणि 'कमेन्स' या तिन्हींपुढे 'सुरू होणे, आरंभ करणे' एवढंच सापडतं. तेवढ्यावर विसंबून भाषांतर केलं की दहातल्या आठ ठिकाणी निभतं. उरलेल्या दोन ठिकाणी मात्र तारखेचा, मुदतीचा किंवा पैशांचा घोळ होतो. कायदेशीर आणि कार्यालयीन कागद मराठीत आणताना मी एक कसोटी लावतो: या सुरुवातीपासून काही मोजायचं आहे का? मुदत, भाडं, व्याज, परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन), हक्क, काहीही. मोजायचं असेल तर 'कमेन्स' जागेवर आहे. नसेल तर बहुधा तो नुसता भारदस्तपणासाठी आलेला असतो.

तुमच्या मुलीचं म्हणणं बरोबर आहे. फ्रेंचमध्ये 'कोमाँसे' म्हणजे सुरू करणे, सुरू होणे. पाऊस सुरू झाला, सिनेमा सुरू झाला, सगळीकडे हाच शब्द. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं रूप 'कोमेन्सिएर' असं होतं. त्यामागे बोलीभाषेतल्या लॅटिनचं 'कोमिनितिआरे' हे क्रियापद धरलं जातं. ते लेखी सापडत नाही. त्याच्या वंशजांवरून भाषाशास्त्रज्ञांनी मांडलेलं रूप आहे. वंशज मात्र भरपूर आहेत: इटालियन 'कोमिन्चारे', स्पॅनिश 'कोमेन्सार', पोर्तुगीज 'कोमेसार'. पोर्तुगीज काळातले गोव्याचे जुने कागद वाचणाऱ्यांना यातला शेवटचा ओळखीचा असेल.

त्या लॅटिन रूपाची फोड करू. 'कोम्' हा उपसर्ग इथे जोर देण्यासाठी आहे. आपण 'आरंभ'ला 'प्र' लावून 'प्रारंभ' करतो, तसाच प्रकार. उरलं 'इनितिआरे'. ते 'इनितिउम' म्हणजे आरंभ या नामावरून आलं, आणि ते नाम 'इन्' अधिक 'इरे', म्हणजे 'आत जाणे' यावरून. लॅटिन 'इरे' आणि संस्कृतातला 'इ' हा जाण्याचा धातू एकाच मुळाचे. 'उत्तरायण'मधलं 'अयन' याच धातूचं. इंग्रजीतले 'इनिशियल', 'इनिशिएट' आणि 'इनिशिएटिव्ह' हे 'कमेन्स'चे सख्खे भाऊ आहेत. फरक इतकाच की ते लॅटिनमधून पुस्तकी वाटेने आले आणि 'कमेन्स' फ्रेंच तोंडात झिजून आला. 'इनितिआरे' या क्रियापदाचा अभिजात लॅटिनमधला मुख्य अर्थ 'गूढ विधींची दीक्षा देणे' असा होता. हा अर्थ लक्षात ठेवा, पत्रिकेच्या वेळी कामाला येईल.

आता खरा प्रश्न. फ्रेंचमध्ये घरगुती असलेला शब्द इंग्रजीत कोट-टाय घालून का वावरतो? याचं उत्तर व्युत्पत्तीत मिळत नाही. तो कुठल्या दारातून आत आला, त्यात मिळतं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर कित्येक पिढ्या दरबार, सरदारांची घरं आणि पुढे न्यायालयं यांत फ्रेंच चालली, तर शेतात आणि स्वयंपाकघरात इंग्रजीच राहिली. इंग्रजीकडे स्वतःचा 'बिगिन' होताच, पूर्वापार जर्मानिक वंशाचा. 'कमेन्स' आणि 'कमेन्समेंट' तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्रजी लिखाणात दिसू लागतात, तेव्हा ते वरून, राजदरबार आणि कचेरीकडून खाली येतात. १३६२ मध्ये खटले इंग्रजीत चालवावेत असा कायदा झाला. गंमत म्हणजे तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. वकिलांची मोडकीतोडकी फ्रेंच पुढेही टिकली आणि इंग्लंडच्या न्यायालयांचं कामकाज इंग्रजीतच लिहायचं हा नियम अमलात यायला १७३३ उजाडलं. एवढ्या मुक्कामात कायद्याच्या भाषेत जे शब्द रुतले ते निघाले नाहीत.

'स्टार्ट'ची कथा याच्या उलट. तो मूळचा इंग्रजी, पण त्याचा जुना अर्थ उसळणे, उडी मारणे, दचकणे. 'स्टार्टल'मध्ये तो अजून दिसतो. 'सुरू करणे' हा अर्थ फार उशिरा चिकटला. म्हणून यंत्र, गाडी, शर्यत यांना 'स्टार्ट' शोभतो: काहीतरी थांबलेलं एकदम हलतं.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपल्याकडेही शब्दांचे असे दोन थर आहेत, फक्त उलटे. 'सुरू' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला. तोही दरबारातून आला, पण आपल्याकडे तो चुलीपर्यंत पोचला आणि भारदस्तपणाचं काम संस्कृत 'प्रारंभ'ने घेतलं. 'दूध तापायला सुरुवात झाली' म्हणतो. 'दुधाच्या तापण्यास प्रारंभ झाला' म्हणणारा माणूस एकतर थट्टा करतोय किंवा निवेदन वाचतोय. इंग्रजीत 'इट कमेन्स्ड रेनिंग' नेमकं असंच ऐकू येतं. व्याकरणात चूक नाही, पण कानाला खटकतं. इंग्रजीचं बायबल, १६११ ची राजमान्य आवृत्ती, 'इन द बिगिनिंग' अशी सुरू होते. तेच वाक्य फ्रेंच बायबलमध्ये 'ओ कोमाँसमाँ' असं असतं. दोन भाषांत या शब्दाचं वजन किती वेगळं आहे ते या एका ओळीत दिसतं. म्हणून मुलीला एवढं सांगा: फ्रेंचमधून इंग्रजीत आणताना 'कोमाँसे' दिसला की डोळे मिटून 'कमेन्स' लिहायचा नाही, 'बिगिन' किंवा 'स्टार्ट' लिहायचा. फ्रेंच शिकणाऱ्यांची ही ठरलेली ठेच आहे.

आणखी एक ठेच क्रियापदाच्या जोडणीची. फ्रेंचमध्ये 'करायला सुरुवात करणे' यासाठी 'कोमाँसे'नंतर 'आ' आणि मूळ क्रियापद येतं. 'पार' आलं तर अर्थ बदलतो: 'आधी अमुक करून सुरुवात करणे'. इंग्रजीत 'कमेन्स'पुढे नाम किंवा 'इंग'चं रूप येतं: 'कमेन्स द वर्क', 'कमेन्स वर्किंग'. 'कमेन्स टु वर्क' जुन्या लिखाणात सापडतं, आज ते टाळलेलं बरं. 'बिगिन'ला मात्र दोन्ही चालतात.

जाता जाता 'डेब्यू'बद्दल, कारण तोही सुरुवातीचाच फ्रेंच शब्द. फ्रेंचमध्ये 'ब्यू' म्हणजे लक्ष्य, आणि 'देब्यूते' म्हणजे खेळातला पहिला फटका मारणे. इंग्रजीने तो अठराव्या शतकात, रंगभूमीवरच्या पहिल्या प्रवेशासाठी उचलला. मराठी क्रीडापानांवर त्याचं 'पदार्पण' झालं आणि छान रुळलं. उच्चार पाहा: 'डेब्यू'चा शेवटचा 'ट' इंग्रजीतही मुका आहे, 'कमेन्समेंट'चा 'ट' मात्र खणखणीत वाजतो. जुन्या उसनवारीला इंग्रजीने आपलं वळण लावलं, नवीला लावलं नाही. फ्रेंच शब्द इंग्रजीत कधी शिरला याचा कच्चा अंदाज अशा उच्चारावरून बऱ्याचदा येतो. दरवेळी नाही.

आता मोजणीकडे. यातलं सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्या संविधानात आहे. संविधान स्वीकारलं गेलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. शेवटाकडच्या अनुच्छेद ३९४ चं शीर्षकच 'कमेन्समेंट', मराठीत 'प्रारंभ'. तो सांगतो की नागरिकत्व, निवडणूक आयोग, काही व्याख्या वगैरे मोजके अनुच्छेद लगेच अमलात येतील, बाकीचे २६ जानेवारी १९५० ला, आणि या दुसऱ्या दिवसालाच 'संविधानाचा प्रारंभ' म्हणायचं. म्हणजे दस्तऐवज दोन महिने आधी तयार आहे, त्यातला काही भाग लागूही झालाय, तरी 'कमेन्समेंट' हा शब्द एका ठरवून दिलेल्या दिवसाला बांधलेला आहे. अनुच्छेद ३४३ मध्ये इंग्रजी आणखी पंधरा वर्षं चालू राहील असं म्हटलंय, ती पंधरा वर्षं याच प्रारंभापासूनची. म्हणून १९६५ हे साल वादाचं ठरलं, १९६४ नाही. इथे 'प्रारंभ'ऐवजी 'सुरुवातीला' असं सैल भाषांतर केलं असतं तर वाचणाऱ्याने 'संविधानाच्या पहिल्या काही दिवसांत' असाही अर्थ काढला असता.

कायद्यांत वारंवार येणाऱ्या शब्दांचा अर्थ ठरवून देणाऱ्या सामान्य वाक्खंड अधिनियम १८९७ (जनरल क्लॉजेस ॲक्ट) मध्ये केंद्रीय कायद्याच्या 'कमेन्समेंट'ची व्याख्याच दिली आहे: तो कायदा ज्या दिवशी अमलात येतो तो दिवस. त्याच अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे, वेगळं काही म्हटलेलं नसेल तर, आदला दिवस संपताक्षणी कायदा लागू होतो. म्हणजे मध्यरात्रीच, कचेरी उघडल्यावर नाही.

कधीकधी एकाच कायद्याला दोन प्रारंभ असतात. स्थावर संपदेचा २०१६ चा केंद्रीय कायदा, ज्याला सगळे 'रेरा' म्हणतात, त्याची काही कलमं १ मे २०१६ ला लागू झाली आणि प्रकल्पनोंदणीसकट बाकीची १ मे २०१७ ला. 'कायदा २०१६ चा आहे, मग नोंदणी तेव्हापासूनच सक्तीची' हा तर्क म्हणून फसतो. कागदात 'ऑन द कमेन्समेंट ऑफ धिस ॲक्ट' दिसलं की पहिलं काम, ज्या कलमाबद्दल बोलणं चाललंय ते नेमकं कधी लागू झालं ते पाहणं.

घर घेणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला 'सीसी' हाही इथलाच. कमेन्समेंट सर्टिफिकेट, मराठीत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. नावावरून वाटतं की काम सुरू झाल्याचा हा दाखला. प्रत्यक्षात ती काम सुरू करायची परवानगी आहे. भूमिपूजन होऊन नारळ फुटला, पाटी लागली, पेढे वाटले, याचा तिच्याशी काही संबंध नाही. मुंबईत बऱ्याचदा ती टप्प्याटप्प्याने मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग पुढच्या मजल्यांसाठी. तेव्हा विकणाऱ्याने 'सीसी आली आहे' म्हटलं की 'कितव्या मजल्यापर्यंतची?' हा प्रश्न विचारायचाच. आणि 'सीसी' म्हणजे 'ओसी' नव्हे. दुसरी भोगवट्याची, राहायला जाण्यासाठीची. सरकारी कामांच्या बाजूला ठेकेदाराला मिळणाऱ्या वर्क ऑर्डरला मराठीत 'कार्यारंभ आदेश' म्हणतात. मला हा शब्द इंग्रजीपेक्षा नेमका वाटतो, कारण निविदेतली कामाची मुदत कशाशी बांधलेली असते ते तो नावातच सांगतो.

करारांमध्ये तीन तारखा एकमेकींत मिसळतात आणि बहुतेक भांडणं तिथूनच निघतात. सह्या झाल्याची तारीख, करार लागू होण्याची तारीख आणि मुदत किंवा काम सुरू होण्याची तारीख. 'कमेन्समेंट डेट' बहुधा तिसरी. बहुधा म्हणतो, कारण कराराच्या व्याख्या-कलमात वेगळं काही लिहिलं असेल तर तेच खरं. भाषांतर करताना मी तिघींना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीन वेगळे शब्द देतो: 'निष्पादनाचा दिनांक', 'अंमल दिनांक', 'प्रारंभ दिनांक'. मध्येच एके ठिकाणी 'सुरुवातीची तारीख' लिहिलं की वाचणारा विचारणारच, ही चौथी कुठली?

लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार घ्या. 'कमेन्सिंग फ्रॉम १ जून २०२५ अँड एंडिंग ऑन ३० एप्रिल २०२६' असं लिहिलं की दोन्ही टोकांचे दिवस धरून अकरा महिने भरतात. टंकलेखकाने 'एंडिंग ऑन १ मे' केलं की अकरा महिने आणि वर एक दिवस. दिसायला क्षुल्लक, पण कराराच्या एका कलमात 'अकरा महिने' आणि दुसऱ्यात ही तारीख असली की कागद स्वतःशीच भांडतो. त्यातलं 'फ्रॉम' ही आपल्या मराठी मनाची देणगी आहे. आपण '१ जूनपासून सुरू' म्हणतो, म्हणून 'कमेन्सिंग फ्रॉम' सहज येतं. चांगल्या इंग्रजीत 'कमेन्सिंग ऑन'. हा नुसता शुद्धलेखनाचा आग्रह नाही. वर सांगितलेल्या १८९७ च्या अधिनियमाचं कलम ९ असं आहे की केंद्रीय कायद्यात 'फ्रॉम' वापरला तर पहिला दिवस मोजणीतून वगळला जातो. खासगी कराराला ते कलम थेट लागत नाही, पण वाद झाला तर समोरचा वकील तोच मुद्दा पुढे करणार. 'ऑन' लिहिलं की प्रश्नच मिटतो. 'कमेन्स विथ इफेक्ट फ्रॉम' हा तर दुहेरी पदर. एक ठेवा, एक काढा.

टाळायचा कुठे? जिथे मोजायचं काही नाही तिथे. 'आय कमेन्स्ड माय लंच', 'लेट अस कमेन्स अवर पिकनिक' ही वाक्यं इंग्रजी वाचकाला विनोदी वाटतात. सोप्या इंग्रजीचा आग्रह धरणारे तर कार्यालयीन पत्रातही 'स्टार्ट'च लिहा म्हणतात. ग्राहकाला लिहिलेल्या पत्राबाबत मला ते पटतं, कराराबाबत नाही. करारात आधीच्या शंभर कागदांनी घासूनपुसून ठरवलेला शब्द बदलला, की नवा शब्द का घातला याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. लिहिताना 'एम' दोन, आणि 'कमेन्समेंट'मध्ये 'सी'नंतरचा 'ई' गाळायचा नाही. 'कमेन्स'चा 'कॉमर्स' झालेला मात्र संगणकाची शुद्धलेखन-तपासणीही पकडत नाही, कारण तोही खरा शब्द आहे. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

आता पत्रिका. मध्ययुगीन विद्यापीठ ही एक प्रकारची कारागिरांची पंचायत होती. पदवी म्हणजे त्या पंचायतीत उस्ताद म्हणून प्रवेश. त्या दिवसापासून तुम्ही शिकवायला मोकळे. तो समारंभ म्हणजे उस्तादपणाचा आरंभ. केंब्रिजमध्ये त्याला 'कमेन्समेंट' म्हणत. केंब्रिजमध्ये शिकलेल्या मंडळींनी अमेरिकेत हार्वर्ड उभं केलं आणि तिथला पहिला 'कमेन्समेंट' १६४२ मध्ये नऊ विद्यार्थ्यांसाठी झाला. तिथून तो शब्द सगळ्या अमेरिकेत पसरला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातही तो अजून चालतो. भारतातल्या विद्यापीठांनी मात्र 'कॉन्व्होकेशन' घेतला, म्हणजे एकत्र बोलावलेली सभा, म्हणून आपल्या कानाला 'कमेन्समेंट' परका वाटतो. लॅटिन 'इनितिआरे' म्हणजे दीक्षा देणे, आणि आपल्या समारंभाचं नाव दीक्षान्त. एकच उंबरठा, त्यांनी पलीकडच्या बाजूने पाहिला, आपण अलीकडच्या. पत्रिकेचं मराठी करून नातेवाइकांना पाठवायचं असेल तर 'पदवीदान समारंभ' लिहा. 'आरंभ समारंभ' लिहिलंत तर लोक भाचीला नव्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून अभिनंदन करतील.

राहिलं नेमणूकपत्र. 'कमेन्स ऑन १ जुलै' याचा साधा अर्थ असा की नोकरीची मोजणी १ जुलैपासून, तो दिवस धरून. परिवीक्षा सहा महिन्यांची आणि तीही याच दिवसाला बांधलेली असेल तर ती ३१ डिसेंबरला संपते. पण त्याच पत्रात पुढे कुठे 'फ्रॉम द डेट ऑफ जॉइनिंग' असे शब्द आहेत का ते पाहा. पत्रांत दोन्ही सर्रास एकत्र असतात. १ जुलैलाच रुजू झालात तर फरक पडत नाही. काही कारणाने ८ जुलैला झालात तर एका वाक्याने परिवीक्षा ३१ डिसेंबरला संपते आणि दुसऱ्याने ७ जानेवारीला. पगारवाढ, रजा, सूचनाकाळ यांपैकी कशाची मोजणी कुठल्या तारखेला बांधली आहे ते पत्रावर आणि कंपनीच्या नियमांवर अवलंबून, त्यामुळे त्याचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. सही करण्याआधी मनुष्यबळ विभागाला दोन ओळींचा ईमेल टाका: 'कमेन्समेंट डेट आणि जॉइनिंग डेट एकच धरायच्या का? वेगळ्या पडल्या तर परिवीक्षा कुठल्या तारखेपासून?' उत्तर लेखी घ्या आणि नेमणूकपत्रासोबत जपून ठेवा.